शाकारलेले टायर

टायर ही वस्तू वापरली तर झिजते आणि नाही वापरली तर चिरते, हे ज्ञान मला वयाच्या साठाव्या वर्षी झालं. त्याआधी छत्तीस वर्षं मी हायस्कुलात लिपिक होतो आणि माझा टायरशी संबंध सायकलपुरता होता. सायकलचा टायर बिचारा काही मागत नसे. हवा गेली की भरायची, फुटला की बदलायचा. पण मोठ्या गाडीचा टायर महिनोन् महिने उभा ठेवायचा म्हटलं की त्याला जमिनीची ओल चालत नाही, ऊन सोसत नाही, डोक्यावर भार नको असतो आणि एका कुशीवर फार दिवस पडवत नाही. आमच्या घरात एवढी पथ्यं आजवर फक्त जावयांनी पाळून घेतली होती.

हे टायर माझे नव्हते. माझ्या मेव्हण्याचे, सुशांतचे होते. सुशांत पुण्यात इंजिनिअर. त्याने एक जुनी लांबलचक व्हॅन घेऊन तिच्यात बिछाना, शेगडी, बेसिन आणि चक्क संडास बसवून घेतला होता. तो तिला कॅम्पर म्हणे. आमच्या गावात ती आली त्याच दिवशी तिचं नाव ‘चाकांचा घर’ पडलं. मे महिन्यात कंपनीने सुशांतला जर्मनीला पाठवलं, पुण्यात गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून ती आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली. गावाचं नाव मी सांगत नाही. आचऱ्यापासून फार लांब नाही, एवढंच समजा. पुढे या गोष्टीत ग्रामपंचायत येणार आहे आणि निवृत्त माणसाने ग्रामपंचायतीशी वैर घेऊ नये.

आता या टायरांवर माझी अब्रू का टांगलेली होती ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी सुशांतने आपली स्कूटर सहा महिने माझ्याकडे ठेवली होती. तो न्यायला आला तेव्हा तिच्या पायाशी आमची कोंबडी उबवणीला बसली होती आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत माझ्या बायकोने, किशोरीने, स्कूटर हलवू दिली नाही. बावीस दिवस सुशांत एसटीने फिरला. तेव्हापासून माझ्या सासुरवाडीत कोणी काही कोणाकडे ठेवायला दिलं की ‘भावोजींकडे नको हं’ असं म्हणून सगळे हसतात. लग्नात हसतात, बारशाला हसतात, एकदा तर तेराव्याला हसले.

आणि आता त्याच सुशांतने गाडीच्या चावीबरोबर चार पानी सूचनापत्र माझ्या हातात ठेवलं. टाइप केलेलं. विषय : टायरांची दीर्घकालीन काळजी. चार पानं! शेवटची ओळ अशी : ‘डिसेंबरात सुट्टीवर येईन तेव्हा टायर बघेन.’ ‘बघेन’ला खाली रेघ होती. मी त्या कागदांवर आवक क्रमांक टाकला, तारीख घातली आणि फाइलला लावले. लेखी सूचनेचा मी जन्मात अवमान केलेला नाही. या डिसेंबरात सासुरवाडीच्या तोंडाला कुलूप लावायचंच, असं मी ठरवलं.

पहिली सूचना, टायर ओल्या जमिनीवर ठेवू नयेत, खाली लाकडी फळ्या घालाव्यात. दरवाजासाठी राखून ठेवलेल्या फणसाच्या चार फळ्या मी घातल्या. जुलैअखेर त्यांतली एक वाळवीने आतून पोखरली आणि एका सकाळी गाडी गुडघा दुखल्यागत उजव्या अंगाला बसली. ओसरीवर आमच्या तुळसाआत्या बसल्या होत्या. या किशोरीच्या आणि सुशांतच्या आत्या. या दोघांची आई लवकर गेली, तेव्हा यांनीच दोघांना वाढवलं, आणि आता त्र्याऐंशीव्या वर्षी आमच्याकडे असतात. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत.

“जावयबापू,” त्या म्हणाल्या, “फणस गेलो, टायर ऱ्हवलो. आता दरवाजाक टायर लावा.”

दुसरी सूचना होती, दर महिन्याला गाडी थोडी पुढे सरकवून टायरची बाजू बदलावी. मला मोठी गाडी चालवता येत नाही. म्हणून मी शेजारच्या बाळाला बोलावलं. बाळा एसटीतला निवृत्त ड्रायव्हर. त्याचं आणि सूचनापत्राचं पहिल्यापासून जमलं नाही. “टायर फिरता तवसर जितो,” तो म्हणाला. “उभो ऱ्हवलो काय मेलो. कागद कसले वाचतास?” मी त्याला म्हटलं, फक्त दोन फूट पुढे घे. पण ज्याने तीस वर्षं मालवण ते तळेरे गाडी हाकली, त्याला दोन फूट गाडी चालवणं म्हणजे अपमान वाटतो. त्याने गाडी काढली ती थेट तिठ्यापर्यंत नेऊन परत आणली. वाटेत दोघांनी हात दाखवला तर त्यांना घेतलंसुद्धा. त्यातल्या एकाने उतरताना मला विचारलं, पुढची फेरी कधी.

मला वाटलं, गंमत झाली, संपलं. पण पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला सकाळी सात वाजता पाच माणसं पिशव्या घेऊन आमच्या खळ्यात उभी होती. एकीच्या हातात कोंबडा होता. बाळाही युनिफॉर्मची जुनी टोपी घालून वेळेवर हजर. त्या माणसांना परत पाठवताना मला जे ऐकून घ्यावं लागलं ते मी फाइलला लावलेलं नाही.

तेव्हा गाडी सरकवणं बंद. सूचनापत्रातच पर्याय दिला होता, सरकवणं शक्य नसेल तर गाडी टेकूंवर उचलून टायरवरचा भार काढावा. इथे लवू आला. लवू खाडीवरचा, त्याची स्वतःची होडी आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला होडीचं उत्तर आहे असं तो मानतो.

“पावसाचे तीन म्हयने आमची होडी काय करता?” त्याने मला विचारलं. “वयर वडून घेतंव, खाली टेके देतंव, झापांनी शाकारतंव, तेल लावतंव. नारळी पुनवेक बघशात तर नवी नवरी. तुमची ही गाडी म्हणजे काय? चाकां असलेली होडीच ती.”

मला ते पटलं. पटायला नको होतं, पण त्या वेळी माझ्यासमोर दुसरा शहाणा माणूस नव्हता. लवूने सहा गडी आणले, जॅक आणले, आणि आरोळ्या देत देत त्यांनी ती गाडी जांभ्या चिऱ्यांच्या आठ टेकूंवर चढवली. वरून माडाची विणलेली झापं घालून ती अशी शाकारली, की रस्त्यावरून बघणाऱ्याला गाडी दिसेना. टायर हवेत लोंबकळत राहिले. मी त्यांना हात लावून फिरवून बघितले आणि मला आयुष्यात प्रथमच आपण एखादं काम तडीस नेल्यासारखं वाटलं.

मग लवूने तेल काढलं. सूचनापत्रात बजावून लिहिलं होतं, की टायरांना पेट्रोलियमचं पॉलिश लावू नये. मी लवूला विचारलं, हे तेल कसलं? तो म्हणाला, पेडव्यांचं. म्हणजे माशांचं. होडीच्या फळ्यांना लावतात ते. पेडव्यात पेट्रोलियम नसतं, तेव्हा नियमाला बाध येत नव्हता. आम्ही चारही टायर आणि स्टेपनी तेलाने न्हाऊ घातले. कसे काळेभोर चमकत होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर खळ्यात सतरा मांजरं. मी मोजली. गावात इतकी मांजरं आहेत हे गावालाही माहीत नसावं. चार-चार जणी एकेका टायरला लागल्या होत्या आणि अगदी शिस्तीत चाटत होत्या. दुपारपर्यंत कुत्र्यांना वर्दी गेली. कुत्री चाटून थांबत नाहीत, ती चावून बघतात. संध्याकाळपर्यंत मी काठी घेऊन सुशांतच्या टायरांभोवती राखण करत फिरत होतो आणि रस्त्याने जाणारा प्रत्येकजण थांबून “काय विश्रामभाऊ, म्हावरा इला काय?” असं विचारत होता.

तेल काढायचं कसं, हे सूचनापत्रात नव्हतं. किशोरीने शिकेकाई काढून दिली. रविवारी मी पाचही टायरांना कढत पाण्याने आणि शिकेकाईने न्हाऊ घातलं, सुकवलं, हुंगून बघितलं. वास गेला असं मला वाटलं. मांजरांना वाटलं नाही. शेवटी निरुपायाने मी लवूकरवी चाकंच काढून घेतली आणि पोटमाळ्यावर नेऊन ठेवली. तिथे ऊन नाही, ओल नाही, भार नाही, मांजर नाही. टायर अंधारात, झाकून ठेवावेत असंही म्हटलं होतं, म्हणून किशोरीच्या जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळले. दर रविवारी शिडी चढून मी त्यांचं फडकं सोडी, पुसून काढी, नखाने भेग चाचपी आणि पुन्हा बांधी.

किशोरी शिडीखाली उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, “माझ्या दोन बाळंतपणांका मिळान तुमी चार दिवसांची रजा घेतली होती.”

मी ऐकू न आल्यासारखं करून पुढच्या टायरचं फडकं सोडलं.

ऑक्टोबरात ग्रामपंचायतीतून संचिता आली. ती आमच्या गावची ग्रामसेविका. आमच्याच हायस्कुलात शिकलेली. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी स्वतः माझ्या अक्षरात लिहिला होता. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, झापं वर करून आत डोकावली आणि वही उघडली.

“काका, हे बांधकाम कधी केलंत?”

“हे बांधकाम नाही. गाडी आहे.”

“चाकं कुठे आहेत?”

“पोटमाळ्यावर.”

तिने ते लिहून घेतलं. मग पेन मिटून शांतपणे म्हणाली, “चिऱ्यांचं जोतं आहे. वर शाकारणी आहे. आत बिछाना आहे, स्वयंपाकाची सोय आहे, शौचालय आहे. चाकं नाहीत. काका, तुम्ही माझ्या जागी असता तर काय लिहिलं असतं?”

मी तिच्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं, आणि हेच मला झोंबलं. गाडी असल्याचा पुरावा म्हणजे गाडीची कागदपत्रं. ती पुण्याच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली जर्मनीत. प्रत चालेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मूळ कागद पाहिल्याशिवाय प्रत घ्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. माझ्या दाखल्याला दोनदा परत पाठवलं होतंत.” अखेर ‘तात्पुरते निवासी बांधकाम, शौचालयासह’ अशी नोंद झाली आणि आठवड्याने एक पत्र्याची पाटी आली. घर क्रमांक ४१२ अ. सुशांतच्या गाडीला आरटीओचा नंबर होता तो होताच, वर आता घराचाही नंबर मिळाला. तुळसाआत्या म्हणाल्या, आता एवढी वास्तुशांत उरकून घ्या.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. टायर सुखरूप होते, भेग एक नव्हती, डिसेंबर जवळ येत होता. मग देवाने कौल दिला.

आमच्याकडे तीन-चार वर्षांनी गावपळण असते. ग्रामदैवताला कौल लावतात आणि कौल झाला की ठरलेल्या दिवशी सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, पाऊल पडत नाही. वेशीबाहेर माळावर राहुट्या बांधतात, भजनं होतात, पत्ते कुटतात, आणि पुन्हा कौल घेऊन मगच गाव परततो. यंदाचा दिवस निघाला डिसेंबरचा तिसरा आठवडा. त्याच आठवड्यात सुशांत येणार होता.

सगळा गाव बांबू आणि झापं शोधायला लागला. जो तो मला बघून म्हणे, “विश्रामभाऊ, तुमचा बरा! आमी बांबू पुरतलो, तुमी चावी फिरवतलास.” आख्ख्या पंचक्रोशीत चाकांवर चालणारं एकच घर होतं आणि ते माझ्या खळ्यात चिऱ्यांवर बसलेलं होतं. मी नुसता हसून पुढे जाई. चाकं मी खाली आणणार नव्हतो. वेशीपर्यंतची वाट म्हणजे अर्धा मैल कातळ, नुसते दगड. सहा महिने फुलासारखे जपलेले टायर सुशांत यायच्या आदल्या दिवशी कातळावर घासायचे? मग त्याने काय बघायचं? मी नेहमीसारखे चार बांबू तोडून आणले.

किशोरीने ते बांबू बघितले आणि हातातलं सूप खाली ठेवलं. “आत्येक मी सांगलंय,” ती म्हणाली. “ह्या टायमाक तुका चाकांच्या घरात ठेवतंय म्हणान.”

मागच्या गावपळणीत तुळसाआत्यांनी तीन दिवस जवळजवळ काही खाल्लं नव्हतं. पाणी घोट-घोट. माळावर सोय म्हणजे झुडपाचा आडोसा, आणि त्यांच्या गुडघ्यांना बसता येत नाही, बसलं तर दोघींनी धरून उठवावं लागतं. लाजेने त्यांनी पोटच बंद करून टाकलं आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. हे मला माहीत होतं. पण मी सूचनापत्रातला परिच्छेद सात किशोरीला वाचून दाखवला : दीर्घ विश्रांतीनंतर टायरांवर एकदम भार देऊ नये, खडबडीत जागेवर तर मुळीच नाही.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “टायर चार आसत. आत्ये एकच आसा.”

मी चिडलो. म्हटलं, उद्या तुझा भाऊ आणि तुझा सगळा गोतावळा मला हसणार, तुला नाही. आणि तरातरा ओसरीवर जाऊन बसलो. तिथे किशोरीने आत्यांसाठी ठेवलेला चहा तसाच निवत होता.

“चाय घेवक नाय?” मी विचारलं.

“नको,” आत्या म्हणाल्या. “आजपासून सोडलंय. सवय करतंय.”

गावपळणीला अजून एक दिवस होता. मी त्या चहाकडे बघितलं. मग मुकाट्याने उठलो आणि पोटमाळ्याची शिडी लावली. लाज वाटत होती, आणि ती सुशांतची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता देवळात ढोल वाजणार आणि त्यानंतर गावात थांबायचं नाही. लवूचे गडी आपापली गुरं आणि गाठोडी हाकण्यात गुंतले होते. लवू तेवढा जॅक घेऊन आला. चाकं खाली आली, लुगडी सुटली, झापं उतरली. चाकांचे नट मी मोजून, ग्रीस लावून, डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवून ठेवले होते. वीसचे एकोणीस निघाले. विसावा अर्ध्या तासाने देव्हाऱ्याच्या डगमगत्या पाटाखाली सापडला. पाट सरळ राहावा म्हणून किशोरीने तो तिथे सरकवला होता. बाळा टोपी घालून सीटवर बसलेला. एवढ्यात संचिता आपलं सामान स्कूटरला बांधून दारावरून चालली होती, ती थांबली.

“काका, घर क्रमांक ४१२ अ कुठे निघालं? बांधकाम हलवायला अर्ज लागतो.”

“चाकं लावली आहेत,” मी म्हटलं.

तिने वाकून चारही चाकं बघितली. “मग गाडी आहे,” ती म्हणाली. पत्र्याची पाटी काढून आपल्या पिशवीत टाकली आणि निघाली. ती एक बरी कर्मचारी होणार हे मी तिच्या दाखल्यावरूनच ओळखलं होतं.

बाळाने गाडी बैलगाडीच्या चालीने नेली. मी पुढे-पुढे चालत वाटेतले दगड पायाने बाजूला करत होतो आणि दर वीस पावलांवर मागे वळून टायर बघत होतो. तेवढ्यात दोघांनी हात दाखवला आणि बाळाने थांबून त्यांना घेतलं. ढोल वाजला तेव्हा पुढची चाकं वेशीपार झाली होती, मागची आत होती. गावाने ते चालवून घेतलं. माळावर मी टायरांखाली फळ्या घातल्या आणि त्यांना पुन्हा लुगडी नेसवली. आत्यांना आत बिछान्यावर बसवलं. त्यांनी संडासाचं दार उघडून बघितलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग किशोरीकडे चहा मागितला. तो संपल्यावर आणखी अर्धा कप मागितला.

सुशांत दुसऱ्या दिवशी दुपारी आला. गाव बंद, तेव्हा रिक्षावाल्याने त्याला वेशीवरच उतरवलं. बॅग ओढत तो राहुट्यांमधून आला आणि आपली गाडी माळाच्या मध्यभागी, चारही चाकांना लुगडी नेसलेली, अशी बघून उभा राहिला. त्याने काही विचारायच्या आत मी पुढे झालो. चोरी पकडली जाण्यापेक्षा स्वतः सांगितलेली बरी, हे कचेरीतलं धोरण.

“परिच्छेद सातचा भंग झालेला आहे,” मी म्हटलं. “टायर कातळावर चालवले. माशाचं तेल लावलं होतं, तेही माझ्या हातून झालं. स्टेपनीवर कुत्र्याचा एक दात आहे. काय ती जबाबदारी माझी. आता हस.”

सुशांत हसला नाही. तो किशोरीकडे बघायला लागला आणि किशोरी चुलीकडे.

“भावोजी, टायरांचं एवढं काही नाही...” तो पुटपुटला.

“नायच काय!” गाडीच्या खिडकीतून तुळसाआत्यांचा आवाज आला. तीन वर्षांत त्या एवढ्या खुशीत नव्हत्या. “ते टायर टाकूचेच होते. किशोरीन फोन करून सांगल्यान तेका, न्हवऱ्याक माझ्या कायतरी काम दी. कागद मोठो लिही म्हणाली, तेका कागद आवाडता.”

माळावर पत्ते कुटणाऱ्यांनीसुद्धा पत्ते खाली ठेवले. सुशांतने खाली वाकून पुढच्या टायरचं लुगडं बाजूला केलं आणि रबरावरचे चार आकडे दाखवले. २३१२. दोन हजार बारा सालचा तेविसावा आठवडा, टायर बनल्याची तारीख. गाडी घेतली तेव्हाच मेकॅनिकने त्याला बदलायला सांगितले होते. ते आकडे मी चांगले ओळखत होतो. दर रविवारी पुसत होतो. टायरचा नंबर म्हणून मी ते रजिस्टरात चढवले होते, आणि चारही टायरांचा नंबर एकच कसा, म्हणून पुढे स्वतःच्या मताने अ, ब, क, ड लावलं होतं.

मी निघालो. रुसलेला माणूस घरी जातो. पण माझं घर अर्ध्या मैलावर होतं आणि तिथे पाऊल ठेवायला प्रत्यक्ष देवाची मनाई होती. म्हणून मी माळाच्या कडेला एका दगडावर जाऊन सगळ्या गावाकडे पाठ करून बसलो. सगळा गाव माझी पाठ बघत होता. एवढ्या लोकांच्या देखत रुसणं फार अवघड जातं. मान सारखी ताठ धरावी लागते.

अर्ध्या तासाने किशोरी आली. शेजारी बसली.

“रिटायर झाल्यापासून तुमी काय काय केलात आठवा,” ती म्हणाली. “माझ्या डब्यांका नंबर घातलात. दूधवाल्याची सही घेवक लागलात. ता सगळा मी सोसलंय. पण दुपारी खळ्यात बसान हायस्कुलाच्या घंटेक कान लावन ऱ्हवत होतात ना, ता माका बघवणा नाय होता.”

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. घंटेचं कोणाला कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, “म्हणजे सहा म्हयने सगळो गाव माका हसा होतो आणि तुका ठावक होता.”

“हसा होते,” ती म्हणाली. “पण तुमी जेवा होतात. झोपा होतात. माका तेवढाच होया होता.”

मान ताठ धरून ती दुखायला लागली होती. इतक्यात गाडीकडून आरडाओरडा ऐकू आला. मी वळून बघितलं. तुळसाआत्यांनी सकाळपासून खिडकीत बसून आपल्या सोयीचं वर्णन चालवलं होतं, त्याचा परिणाम झाला होता. माळावरच्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या गाडीच्या दाराशी जमल्या होत्या. कोणी काठी टेकत, कोणी सुनेच्या खांद्यावर. अकरा होत्या. कोण आधी आलं यावरून दोघींची जुंपली होती, एक आत जाऊन कडी लावून बसली होती ती बाहेर यायला तयार नव्हती, टाकीतलं पाणी संपत आलं होतं, आणि दारात उभा राहून सुशांत दोन्ही हात वर करून इंजिनिअरसारखं काहीतरी समजावत होता. त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

“थय आता झिंज्या धरूची पाळी इली हा,” किशोरी म्हणाली. “सुशांताच्या हातचा काम न्हय ता. उठतास काय?”

मी उठलो. रुसवा काही गेला नव्हता, तो मी बाजूला ठेवला. गाडीजवळ जाऊन सुशांतच्या बॅगेवरचं विमानाचं लेबल फाडून घेतलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा आखल्या आणि आवाज चढवून सांगितलं, की रांग वयाने लागेल, गुडघ्यांना प्राधान्य, प्रत्येकी एक बालदी, आणि ज्यांचं नाव कागदावर नाही त्यांना आत प्रवेश नाही. लवूला पाणी आणायला पिटाळलं. म्हाताऱ्या गप्प झाल्या आणि एकेक करून नाव सांगायला लागल्या. मी लिहून घेत होतो. हे काम कोणी मला रिझवायला काढलेलं नव्हतं. पहिल्या नंबरच्या काशीबाईंना खरोखरच घाई होती.